पत्रावळी पुंडलिककडे

मराठी मंडळाचं सहभोजन पुंडलिकनं बंद पाडलं, असं तुम्ही गावभर सांगत फिरता. खोटं आहे. सहभोजन तुम्ही बंद पाडलंत. तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे मात्र सांगता येत नाही, कारण तुमचं नाव कोणीच घेत नाही. सचिव म्हणतात, ते तुम्ही नव्हे. अध्यक्ष म्हणतात, तेही नव्हे. स्मरणिकेचं संपादक मंडळ तर म्हणतं की त्यांचा स्वयंपाकाशी संबंधच नाही. तरी दर हिवाळ्यात वर्धापनदिनाच्या आधी घराघरांत निरोप जातच होता. अमक्यांकडे श्रीखंड, तमक्यांकडे मसालेभात, आणि पत्रावळी पुंडलिककडे. हे ठरवणारा जो कोणी आहे, तो तुम्ही. तेव्हा जिथे असाल तिथे नीट बसा आणि झालं ते ऐका.

पुंडलिक जबलपूरच्या घमापुरात राहतो आणि फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालावर संशय घेणं हे त्याचं सरकारमान्य काम. हातात पोलादी गेज असतं. ते भोकात सरळ गेलं तर माल पास, अडकलं तर बाद, मग माल बनवणारा तुमचा मेहुणा का असेना. अर्धं आयुष्य हे केल्यावर माणसाचा डोळाच तसा होतो. दूधवाल्याचं माप, नेत्याचं आश्वासन आणि बायकोचं विनाकारण हसणं, तिन्हींकडे तो एकाच नजरेनं बघतो. लिहायलाही तो असंच शिकला. शाळा मॅट्रिकपाशी सुटली, पण वाचनालयात येणारं नागपूरचं वर्तमानपत्र त्यानं कधी सोडलं नाही. त्यातल्या चुका काढून संपादकाला चिडकी पत्रं धाडता धाडता हात बसला.

राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि जबलपूर इकडे राहिलं. पुंडलिकच्या बापाची नोकरी इकडे, म्हणून त्यांची मराठीही इकडेच राहिली. चारी बाजूंनी हिंदी आणि मधे त्यांच्या घरापुरती मराठी. अशा घराला मंडळ म्हणजे माहेर वाटतं. हे विसरू नका. पुंडलिकचा साऱ्या जगावर संशय होता, मंडळावर नव्हता.

त्या वर्षी मंडळानं फळ्यावर लिहिलं की वर्धापनदिनाला स्मरणिका निघणार, विषय ‘आपलं अन्न, आपला समाज’, सर्व सभासदांनी लेख द्यावेत. सर्व या शब्दाखाली रेघही ओढली होती. पुंडलिकनं ती रेघ पाहिली आणि सायकल दामटत घरी आला.

"आपल्या लांब रोटीवर लिहितो," त्यानं बायकोला, कुसुमबाईला, सांगितलं.

लांब रोटी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाच्या मैद्यासारख्या पिठाला पाणी पाजत पाजत परातीत इतकं आपटायचं की ते हात सोडेना आणि हातात राहीना. मग त्याचा गोळा पालथ्या हातांवर घेऊन झेलत झेलत वाढवायचा. तो मनगटापासून कोपरापर्यंत लोंबतो, कापडासारखा पातळ होतो, आणि तो तुटायच्या आत चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर पसरायचा. बघणाऱ्याचा श्वास अडकतो. करणारीचा अडकला तर रोटी फाटते. कुसुमबाईला ही पुंडलिकच्या आईनं, भागीरथानं, शिकवली. भागीरथा शिव्या देत शिकवायची, म्हणून विद्या पक्की बसली.

"लिहून काय होते?" कुसुमबाई म्हणाली. "रोटी खाऊन होते."

"मंडळाच्या पुस्तकात येईन ना. सारे वाचतीन."

"वाचतीन अन् मंग?"

"मंग मागतीन. म्हनतीन, कुसुमबाई, आमाले बी खाऊ घाला."

 संध्याकाळी पुंडलिक बाहेरून आला तर माळ्यावरचा मटका खाली आला होता आणि कुसुमबाई तो पुसत बसली होती. मूल पुसावं तसा. पुंडलिकनं ते पाहिलं आणि मनात म्हणाला, आता हा लेख छापूनच आला पाहिजे.

लेख लिहायचा ठरला की सल्ला आपोआप येतो. शेजारचे श्यामसुंदरजी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "भैया, खाने पर मत लिखो. जिस-जिसने लिखा, उसके घर मेहमान आए." मागच्या गल्लीतल्या बेबीताई सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांचं म्हणणं, "भाऊजी, त्याच्यात जीवनसत्त्वं टाका, नाही तर कोनी सिरियस घेनार नाही." फॅक्टरीतला देवीदास जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात राहतो. त्यानं सांगितलं, "रोटीवर कायले लिहिता? पनीरवर लिहा. इज्जत राहते."

पण पुंडलिक गेजचा माणूस. नुसती आपली रोटी लिहून भागणार नाही, गल्लीत कोण काय शिजवतं, कोणाला वाढतं, हे ताडून पाहिल्याशिवाय लेख पास कसा करायचा? म्हणून तो कागद-पेन घेऊन दारोदार निघाला आणि विचारू लागला, "आज घरी काय शिजलं? आणि कोणाकोणाला दिलं?"

हा प्रश्न कुठल्याही गल्लीत विचारून पाहा. पहिल्या घरातल्या बाईनं कुकर पदराखाली घेतला. तो गरम होता, म्हणून तिनं पुंडलिकला दिलेलं उत्तर छापण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या घरी अंगणभर मसाल्याचा वास घुमत होता, पण घरमालक छातीवर हात ठेवून म्हणाला, लौकी आहे, साधा दुधी. वासावरून ती लौकी सकाळपर्यंत चारी पायांवर हिंडत असावी. भाडेकरूंना वाटलं, मटण कोण शिजवतं हे बघायला घरमालकानं माणूस धाडलाय. घरमालकांना वाटलं, खोल्या किती आणि चुली किती हे मोजायला नगरपालिकेनं धाडलाय. बाकीच्यांनी ठरवलं की तूप खाणाऱ्यांचं रेशनकार्ड कापायची ही सरकारी चाल आहे. श्यामसुंदरजींशी तर पुंडलिकची रोजची बैठक, पण त्यांनीही ताटावर पेपर झाकला आणि हळूच विचारलं, "सच बताओ, किसने भेजा है?"

"किसीने नहीं. मी लेख लिहून राहिलो ना."

"अच्छा, लेख," श्यामसुंदरजी म्हणाले, आणि ताट उचलून आत गेले.

त्यानंतर गल्लीनं खिडक्या लावून खिचडी खायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ खिचडी. नळावर बायका कुसुमबाईशी बोलेनाशा झाल्या. "तुमच्या लेखापायी लोक उपाशी मरून राहिले," ती म्हणाली. "आता तरी लिहा, नाही तर फोडनीचा वास घ्यायले नागपूरले जा लागीन."

पुंडलिकनं एका बैठकीत लेख लिहिला. तेवढ्यात देवीदासनं नवी पाचर मारली. "आपन सरकारी मानूस. संरक्षनाची फॅक्टरी. छापायच्या आधी परमिशन घेतली का?"

पुंडलिक नियमाचा पक्का. त्यानं लेख जोडून अर्ज टाकला. ऑफिसनं विचारलं, सदर लेखात एखादी प्रक्रिया, माप अथवा साधन उघड होत आहे काय? आता पुंडलिक खोटं बोलणाऱ्यातला नाही. लेखात रोटीचा व्यास होता, जाडी होती, मटका किती तापला म्हणजे पीठ टाकावं हेही होतं, कारण मापाशिवाय लिहिणं म्हणजे त्याच्या मते कविता. त्यानं लिहून दिलं, होय, तिन्ही उघड होत आहेत. ऑफिसनं लेखावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारून तो कपाटात घातला. पुंडलिक परत मागायला गेला तेव्हा बाबू म्हणाला, "ये आप नहीं देख सकते. आपको अधिकार नहीं है."

"अहो, मीच लिहिलंय."

"लिखने का अधिकार अलग है, पढ़ने का अलग."

शेवटी त्यानं आठवून आठवून दुसऱ्यांदा लिहिला. या खेपेला मापं गळाली आणि त्यांच्या जागी भागीरथा येऊन बसली. तिच्या शिव्या आल्या. लग्नाघरी साऱ्या वस्तीच्या बायका पीठ आपटायला यायच्या, ज्या घराशी भांडण असेल त्या घरालाही रोटी जायची आणि भांडण दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालायचं, हे सगळं आलं. कुसुमबाईला वाचून दाखवला तेव्हा तिनं एकच दुरुस्ती सुचवली. "आत्याबाईची शिवी अर्धी लिहिली तुमी. पुरी लिहा."

स्मरणिकेच्या संपादक विभावरीबाई. कॉलेजात शिकवतात, मऊ बोलतात. त्यांनी पुंडलिकला बसवलं आणि चहा मागवला. त्यांचा चहा कपबशीतून आला, पुंडलिकचा स्टीलच्या पेल्यातून. पेल्यात चहा जास्त मावतो, म्हणून पुंडलिकला वाटलं, लेखकाचा मान ठेवला. मी सांगितलं ना, मंडळावर त्याचा संशय नव्हता.

"छानच लिहिता हो तुम्ही," विभावरीबाई म्हणाल्या. "अगदी रांगडं. फक्त रोटीवर बरेच लेख आलेत."

"लांब रोटीवर?"

"म्हणजे पोळीवर."

"पोळी वेगळी, बाई."

"हो, पण वाचकाला तेच ते वाटतं. मी काय म्हणते, तुम्ही पत्रावळीवर लिहा ना. निसर्ग, परंपरा, सगळं येईल त्यात. आणि तो तुमचाच विषय. तुमच्याइतकी पत्रावळी आमच्यात दुसऱ्या कोणाला कळते?"

पुंडलिक हवेत तरंगत घरी आला. त्याचं कारणही होतं. दर वर्षी तो स्वतः बसनं मझौलीला जायचा, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणाऱ्या बायकांसमोर मांडी घालून बसायचा आणि एकेक पत्रावळ उन्हाकडे धरून बघायचा. काडी सुटलेली बाद, भोक दिसलं की बाद. त्या बायका त्याला बघून तोंडावर पदर घ्यायच्या. पुंडलिकजींच्या पत्रावळीतून कढीसुद्धा गळत नाही, असं मंडळात बोललं जायचं आणि पुंडलिक ते वाक्य मेडलसारखं छातीवर लावून वर्ष काढायचा.

कुसुमबाई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पत्रावळी आपला विषय काहून?"

"आपन चांगल्या आनतो म्हनून."

"आपन आनतो काहून?"

"निरोप येते म्हनून."

"आपल्यालेच काहून येते?"

इथे गेज अडकलं. 

"लगन होऊन आली तवापासून जाते मी मंडळात," कुसुमबाई म्हणाली. सूप तिनं खाली ठेवलं होतं. "श्रीखंड खाल्लं, पुऱ्या खाल्ल्या, भांडे घासू लागली. माह्या हातची वाटीभर चटनी तरी गेली का त्या जेवनात? सांगा."

पुंडलिक चप्पल घालून बाहेर पडला. आधी बेबीताईंकडे.

"तुमच्याकडे मंडळाचा निरोप काय येते?"

"ग्लास. स्टीलचे ग्लास आनून पानी वाढायचं. नाही नाही, वाढते दुसरं कोनी. मी फक्त ग्लास आनते." बेबीताई बोलता बोलता थांबल्या. त्यांना स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकू आलं असावं. "मी नर्स आहे ना, मले वाटे स्वच्छतेचं काम म्हनून देतात."

मग सायकलीवर गोरखपूर. देवीदासनं अभिमानानं सांगितलं, "मले गॅसचा सिलिंडर. जिम्मेदारीचं काम आहे ते. सिलिंडर भेटते का आजकाल कोनाले?"

"खायचं काही आनायले सांगितलं कधी?"

"सिलिंडरवरच तर सारं शिजते ना भाऊ."

देवीदासची बायको लता दारात उभी होती. "अन् शिजवते कोन?" एवढंच म्हणाली ती.

फॅक्टरीत एक साधी गोष्ट शिकवतात. एक नग वाकडा निघाला तर कारागिराचा हात चुकला. सगळे नग एकाच जागी वाकडे निघाले तर कारागिराला सोडा आणि साचा तपासा. मंडळात पत्रावळी, ग्लास आणि सिलिंडर ही तिन्ही कामं आमच्याच बौद्ध घरांत आली होती. जेवणाला लागणारं सगळं आमच्याकडून जात होतं, फक्त जेवण जात नव्हतं. जात कोणी विचारली नव्हती. मंडळ सुधारलेलं आहे, तिथे जात विचारत नाहीत. न विचारता नेमकी वाटणी करतात, आणि वाटणी इतकी प्रेमानं करतात की ज्याच्या वाट्याला आली तो छातीवर मेडल लावून फिरतो. पुंडलिकला राग आला तो याचा. फसवलं म्हणून नव्हे, आपण इन्स्पेक्शनचे असून फसलो म्हणून.

मग तो साचा शोधायला निघाला. सचिव चंद्रशेखरजी म्हणाले, "मी फक्त निरोप पोचवतो. ठरवतं मंडळ."

"मंडळात कोण?"

"अहो मंडळ म्हणजे आपण सगळे."

"मी नाही ठरवलं."

"असं व्यक्तिगत घेऊ नका, पुंडलिकजी."

अध्यक्ष नारायणराव व्हरांड्यात उन्हाला बसले होते. त्यांनी फार मायेनं ऐकून घेतलं. "तसं काही नाही हो. ज्याला जे जमतं ते तो आणतो. तुम्हाला पत्रावळी जमते."

"आम्हाले रोटी बी जमते."

"मग त्यावर लिहा ना. स्मरणिका निघतेय."

"लिहिलंय. छापत नाहीत."

"अरेरे. विभावरीबाईंना भेटा."

विभावरीबाई म्हणाल्या, वाटप सचिव बघतात. पुंडलिक तिथून उठला, आणि या खेपेला पेल्यातला चहा तसाच राहिला.

वर्धापनदिन जवळ आला तसे चंद्रशेखरजी स्कूटरवर निरोप घेऊन आले. ते कधी आत येत नाहीत. येत नाहीत तेही ठीक, पण स्कूटरही बंद करत नाहीत. दारातूनच म्हणाले, "पत्रावळी तुमच्याकडे, नेहमीसारखी." कुसुमबाई उंबऱ्यात येऊन म्हणाली, "यंदा मी रोटी आनीन. या, बसा, चहा घ्या." तोवर ते गल्लीच्या वळणावर पोचले होते. निरोप द्यायचीच सवय असली की घ्यायचा राहून जातो. त्यात पुंडलिकचा दोष असेल तर दाखवा.

रविवारी मंडळाच्या अंगणात झालं ते असं. आत भाषणं चालली होती. बाहेर श्रीखंडाच्या बालद्या आल्या होत्या, मसालेभात आला होता, कढी आली होती, पुऱ्यांची कणीक ओल्या फडक्याखाली वाट बघत होती. जांभळाखाली कोपऱ्यात कुसुमबाईनं विटा मांडल्या, लाकडं पेटवली आणि मटका पालथा घातला. लोकांना वाटलं, स्मरणिकेनिमित्त काहीतरी प्रात्यक्षिक आहे. येणारे-जाणारे हसून पुढे जात होते. बेबीताई जवसाची चटणी घेऊन आल्या होत्या, ग्लास घरी ठेवून. देवीदास सिलिंडरशिवाय आला होता आणि नागड्यानं आल्यासारखा भिंतीला चिकटून उभा होता. त्याचा सिलिंडर लतानं रात्रीच आपल्या शेगडीला लावला होता, आणि त्यावर शिजलेली वांग्याची भाजी आता पातेलंभर तिच्या पायाशी होती.

भाषणं लांबली, भूक वाढली, आणि चंद्रशेखरजी घाम पुसत आले. "पुंडलिकजी, पत्रावळी कुठे ठेवल्यात?"

"आनल्या नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हनजे मझौलीले गेलोच नाही."

"अहो आज रविवार, बाजार बंद. कशावर जेवणार लोक? निदान पुऱ्या तळायला घ्या, तोवर... शेगडी का पेटत नाही? सिलिंडर कुठाय? आणि ग्लास?"

 चंद्रशेखरजींनी पुंडलिककडे पाहिलं, मग देवीदासकडे, मग बेबीताईंकडे. इतकी वर्षं ते या तिघांना ओळखत होते, पण तिघांना एका ओळीत त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. कपाळावरचा रुमाल तिथेच थांबला.

अख्ख्या अंगणात आता एकच आग पेटलेली होती. कुसुमबाईनं हात पाण्यात बुडवले, गोळा उचलला आणि झेलायला सुरुवात केली. पीठ मनगटावरून कोपराकडे उतरत गेलं, पसरलं, उन्हात त्याच्या आरपार जांभळाची फांदी दिसली. मग एका झटक्यात ते मटक्यावर. भाजक्या गव्हाचा वास भाषणाच्या खोलीत शिरला आणि वक्त्याचं वाक्य मधेच तुटलं.

पहिला पुढे आला तो मंडळाचा सभासदही नव्हता. श्यामसुंदरजींना पुंडलिकनं पाहुणा म्हणून आणलं होतं. खिचडी खाऊन खाऊन तो माणूस बेजार झाला होता. "दीदी, एक इधर." दोन्ही हातांवर त्यानं रोटी घेतली, ती दोन्हीकडून लोंबत होती. लतानं त्यावर भाजी घातली, बेबीताईंनी चटणी. श्यामसुंदरजींनी मग मसालेभाताकडे नजर टाकली. "वो भी इसी पे डाल दो."

ज्या अंगणात पत्रावळी नव्हती तिथे पत्रावळ सापडली. गरम होती आणि खाता येत होती. तिच्यापुढे ओळ लागली.

ओळ लागली आणि संशयही लागला. एकीनं विचारलं, पीठ कुठल्या चक्कीचं? एकानं विचारलं, पाणी इथल्या नळाचं की घरून आणलंय? एक बाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "मटका नवीनच असेल ना?"

"नव्या मटक्याले रोटी चिकटते बाई," कुसुमबाई म्हणाली. "हा माह्या घरचा आहे. वापरलेला."

मग उपास सुरू झाले. अर्ध्या अंगणाला एकाएकी उपास आठवला. रविवारी इतक्या मराठी घरांत एकत्र कोणता उपास असतो, हे पंचांगकर्त्यांनी शोधावं. विभावरीबाईंना उपास होता. नारायणरावांना डॉक्टरांनी गहू वर्ज्य केला होता, पुऱ्यांचा गहू सोडून. चंद्रशेखरजी कुठे दिसेनात. ते बॅनरच्या मागे उभे राहून खात होते, आणि आभाराच्या भाषणाला आले तेव्हा मिशीला जवसाची चटणी होती. खाल्लं हे चांगलंच केलं. पण मागे का, हे विचारायचं राहिलं आहे.

उरलेल्या अर्ध्या अंगणानं मात्र पोटभर खाल्लं. इंदिराकाकू मंडळातल्या सगळ्यांत जुन्या, सोवळ्याच्या घरातल्या. त्यांनी एक खाल्ली, दुसरी मागितली आणि मग पदर खोचून चुलीपाशी बसल्या. "मला शिकव ग." त्यांच्या हातावरचं पीठ कोपरावरून थेट मांडीवर उतरलं. कुसुमबाईच्या तोंडून भागीरथाची ती शिवी निघाली, पुरी.  इंदिराकाकू हसत सुटल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. दे दुसरा गोळा."

तेवढ्यात स्मरणिका वाटली. लोकांनी एका हातात रोटी धरून दुसऱ्या हातानं ती चाळली. पुंडलिकनं आधी अनुक्रमणिका बघितली, मग एकेक पान. पोळीवर लेख होता, पुरणपोळीवर होता, परदेशातल्या पोळीवरही होता. भागीरथा कुठेच नव्हती. शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली, आभारांत छापलं होतं, ‘पत्रावळी सौजन्य : श्री. पुंडलिक’.

कुसुमबाईनं चुलीपासून विचारलं, "आली का?"

पुंडलिकनं पुस्तक मिटलं. "माहं नाव आलं," तो म्हणाला.

पुढल्या आठवड्यात मंडळाची सभा झाली. व्यवस्थेत गोंधळ झाल्यामुळे यापुढे घरगुती पदार्थांचं सहभोजन बंद, जेवण हलवायाकडून मागवायचं, असा ठराव झाला. कोणी मांडला, हे नेहमीप्रमाणे कळलं नाही. त्या हलवायाच्या मागच्या खोलीत कणीक कोण मळतं, पाणी कुठलं, मटका नवा की जुना, हे तुम्ही विचारलं नसणार. तिथे मळणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, तेवढं तुम्हाला पुरतं. आणि बाहेर तुम्ही सांगता, पुंडलिकनं पत्रावळी आणल्या नाहीत, म्हणून एवढी जुनी प्रथा मोडली.

घमापुरात गल्लीनं खिडक्या उघडल्यात. लौकी परत मटणासारखी दरवळते. श्यामसुंदरजी ताटावरचा पेपर काढून वाचतात. इंदिराकाकू रिक्षा करून येतात आणि हात भाजून घेऊन जातात. कुसुमबाई चिडलेली नाही. तिनं मटका माळ्यावर परत ठेवला नाही, इतकंच.

तिचा एकच प्रश्न आहे. येत्या हिवाळ्यात तिच्या घरून मंडळाच्या जेवणाला काय आणायचं? इतकी वर्षं तुम्ही न विचारता कळवत आलात. आता विचारलंय, तर कळवा. आणि निरोप घेऊन जो कोणी येईल त्याला सांगा, स्कूटर बंद करून आत यावं आणि बसून सांगावं.